रंग जुळवताना

तोंडाला हात लावला तर चालेल का, असं मेकअपच्या दुकानातल्या त्या मुलीनं उषाला विचारलं. हो म्हणायचं, इतकं सोपं होतं. दुकानात अशा प्रश्नाला दुसरं उत्तर तरी काय असतं. पण प्रश्न कानावर पडला तशी तिच्या मांडीवरची पर्स घसरली, ती उचलायला ती वाकली, उचलून पुन्हा मांडीवर ठेवली, तरी मुलगी हात आवरून तशीच उभी होती. काळा कुडता, छातीवर नावाची पट्टी, दिपमाला. वय असेल पंचवीस-सव्वीस. तिनं उषाच्या समोरच कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले होते आणि कागदानं कोरडे केले होते. म्हणजे ही हात लावायच्या आधी धुते, उषाच्या मनात आलं. लावल्यानंतर धुणारे तिनं पुष्कळ पाहिले होते. शेवटी ती 'लावा ना' म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही. मग दोन गार बोटं तिच्या हनुवटीखाली आली, चेहरा जरासा उजेडाकडे वळवला गेला, आणि अंगठा ओठाच्या कोपऱ्यापासून सावकाश गालावर सरकत गेला, जिथे रंग होता तिथून जिथे नव्हता तिथे, मध्ये कुठेही न अडखळता.

आपल्या चेहऱ्याला शेवटचा हात कुणाचा लागला होता, ते उषा आठवू लागली. सहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरचा, पण त्याच्या हातात मोजे होते. त्याच्या आधी यावलला आईचा. पण आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. आणि गिरधरचा? गिरधरचा आठवत होता तो लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातला. जळगावात तेव्हा मोठी वावटळ आली होती, गच्चीवरचे पापड आवरताना तिच्या डोळ्यात कण गेला, आणि गिरधरनं तिची हनुवटी धरून, पापणी वर करून हलकेच फुंकर घातली होती. पुढे ते त्याचं कामच होऊन बसलं. डोळ्यात काही गेलं की ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची. मग तो पांढरा डाग आला. आधी ओठाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि वर्षभरात दोन्ही डोळ्यांभोवती, हनुवटीवर, गळ्याखाली. त्यानंतरच्या कुठल्याशा उन्हाळ्यात ती डोळा चोळत त्याच्यासमोर गेली तेव्हा तो वर्तमानपत्र वाचत होता. पाणी मार डोळ्यावर, तो म्हणाला. वाईट बोलला नाही. गिरधरनं एवढ्या वर्षांत एकदाही वाईट शब्द काढला नाही. औरंगाबादेपर्यंत डॉक्टर केले, चटई कारखान्यातली सुट्टी टाकून टाकून सोबत आला. डॉक्टरांनी त्याच्यासमोर सांगितलं की हे लागत नाही, पसरलं तर हिच्याच अंगावर पसरेल, दुसऱ्याला काही होत नाही, नुसता रंग गेलाय. त्यानं मान हलवली. समजलं, म्हणाला. समजलं होतंही. पण त्या दिवशी तिनं पाणी मारून डोळा धुतला, आणि पुढच्या वेळेपासून ती त्याच्यासमोर गेलीच नाही.

दिपमालानं चार छोट्या डब्या उघडून ओळीनं ठेवल्या होत्या. कशासाठी हवंय, लग्नकार्य आहे का, असं तिनं विचारलं तेव्हा उषानं खरं ते सांगून टाकलं. रविवारी मुलीचा साखरपुडा, धुळ्याला. मुलीनंच मोबाइलवर या क्रीमचं चित्र पाठवलंय आणि दुकानाचा पत्ताही. इतकंच सांगायचं होतं, पण दिपमाला बोटावर रंग घेऊन शांतपणे ऐकत होती, मध्ये 'अरेरे' नाही की 'देवाची मर्जी' नाही, त्यामुळे उषा पुढेही बोलत राहिली. तिकडच्या लोकांनी मला अजून पाहिलेलं नाही, ती म्हणाली. बघायला आले त्या दिवशी मला यावलला भावाकडे पाठवलं होतं. मामी आजारी म्हणून आई तिकडे गेली, असं सांगितलं. हे सगळं मोठ्यानं बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता या मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी येईल. दिपमालानं डब्यांवरून नजर वर केली आणि एवढंच विचारलं, "काकू, तुम्हाला स्वतःला कसं हवंय? सगळं झाकायचं, की थोडं हलकं ठेवायचं? दोन्ही छान होतं. तुम्ही सांगाल तसं करू."

तुम्हाला स्वतःला. उषानं आरशात पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. कुणी विचारलंच नव्हतं. लेक मेघा पहिल्या स्थळाच्या वेळी बावीसची होती. भुसावळची माणसं होती ती. उषा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, आणि मुलाच्या आत्यानं ताटली हातात घेतली, पण चमचा उचलला नाही. बाकीच्यांनीही मग उचलला नाही. ते निघून गेल्यावर सात ताटल्यांमधले पोहे तसेच होते, वर खोबरं-कोथिंबीर, लिंबाची फोड. मेघानं त्या सगळ्या ताटल्या एकटीनं आत नेल्या आणि ओट्याशी उभी राहून त्यातली एक ताटली पोहे संपवले, घाईघाईनं, रागानं, उषाकडे न बघता. तेव्हा उषाला तिचा केवढा अभिमान वाटला होता. दुसऱ्या स्थळाची पत्रिका जुळली होती. त्यांनी घर पाहिलं आणि चार दिवसांनी पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप दिला. तेव्हा मेघानं काही खाल्लं नाही. तिसऱ्या वेळी यावलला जायचं गिरधरनं सुचवलं. उषा पिशवी भरत होती, मेघा दारात उभी होती. ती 'नको जाऊ' म्हणेल म्हणून उषा साड्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत राहिली. मेघा म्हणाली, जाताना छत्री ने, ऊन फार आहे.

"सगळं झाकायचं," उषा म्हणाली.

मग दिपमाला कामाला लागली. आधी खुर्ची फिरवून तिनं उषाची पाठ रस्त्याकडे केली, म्हणजे रिंग रोडवरून जाणाऱ्यांना आतलं काही दिसणार नाही. पंखा बारीक केला. प्रत्येक गोष्ट करण्याआधी ती सांगत होती, आता जरा गार लागेल, आता डोळे मिटा, आता स्पंजनं थोपटते. एक रंग तिनं कानामागे लावून पाहिला, पुसला, दुसरा लावला, तोही पुसला. मग दोन रंग तळहाताच्या मागच्या बाजूला एकत्र कालवले. दुकानात दोन कॉलेजच्या मुली आल्या, त्यांना तिनं दहा मिनिटं थांबायला सांगितलं, किंवा दुसऱ्या मॅडमकडे जा म्हणाली. घाई केली नाही. उषाचे डोळे मिटलेले होते. पापणीवर, नाकाच्या बाजूला, वरच्या ओठावर स्पंज हलकेच पडत होता. असं कुणी आपल्या तोंडाजवळ इतका वेळ थांबू शकतं, आपल्या श्वासात श्वास घेऊ शकतं, याचंच तिला मोठं नवल वाटत होतं. मेघा चार वर्षांची असताना अशीच जवळ यायची. पहिला डाग दिसला तो तिलाच. आई, तुला पीठ लागलंय, असं म्हणून तिनं अंगठा जिभेवर ओला केला आणि उषाच्या ओठाची कड पुसली. निघालं नाही. तिनं पुन्हा थुंकी लावून पुसलं. भाकरीचं पीठ तव्याजवळ सांडलं होतं, हात भरलेले होते, आणि उषा हसत होती, पुरे गं, सोलशील मला. नंतर कितीतरी दिवस ती पोर सकाळी उठून पीठ बघायला यायची. त्यानंतर आलं डागांवर लावायचं बावचीचं तेल. ते लावून मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर बसायचं, रोज वाढत्या मिनिटांनी. कातडीवर फोड यायचे, फुटायचे, खपली धरायची. मेघा जिन्याच्या वरच्या पायरीवर सावलीत बसून आकडे मोजायची, कारण घड्याळ तिला अजून कळत नव्हतं. साठ झाले की एक बोट दुमडायचं. दहा बोटं दुमडली की ओरडायचं, आई, ये आता आत. त्या मुलीला आपण काय देणं लागतो याचा उषा मनात कितीदा विचार करी, आणि दर वेळी उत्तर एकच येई.

"बघा आता," दिपमाला म्हणाली. "आधी लांबून बघा, मग जवळून. आणि आवडलं नाही तर सांगा, पुन्हा करू."

आरशात एक सावळी, मध्यम वयाची बाई बसली होती. बाकी काही नाही. केसांत पांढरं, डोळ्यांखाली थकवा, एवढंच. पिंप्राळ्याच्या भाजी बाजारात अशा पन्नास बायका दिसतात. उषानं तिच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही, भीतीही वाटली नाही. गाडी चुकल्यावर फलाटावर उभं राहून वाटतं तसं काहीतरी वाटलं. ही बाई कुठे होती इतकी वर्षं? हिनं काय काय केलं असतं? ही बालवाडीत शिकवत राहिली असती. मुलांच्या आयांनी कुजबूज केली म्हणून हिनं नोकरी सोडली नसती. फॉल-पिकोच्या साड्या बायकांनी हिच्या दारातल्या खुंटीला अडकवून ठेवल्या नसत्या. त्या आत येऊन बसल्या असत्या, चहा प्यायल्या असत्या. हिच्या डोळ्यात कण गेला असता. आपण रडतोय हे उषाला उशिरा कळलं. ती गडबडून पदर वर नेऊ लागली, सगळं खराब होईल, मुलीची अर्ध्या तासाची मेहनत. दिपमालानं तिचा हात हलकेच खाली केला.

"रडून घ्या काकू. हे पाण्यानं जात नाही."

ती उठून गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली, आणि मग शेजारच्या काचेच्या कपाटातल्या बाटल्या उगीचच नीट लावत राहिली, उषाकडे पाठ करून. उषाचं पुरेसं रडून झाल्यावर दिपमालानं तिला दुकानाच्या दारात नेलं. ट्यूबलाइटमध्ये रंग फसवतो, उन्हातच बघायचा, असं तिचं म्हणणं होतं. उषा पायरीवर उभी राहिली. चार वाजताचं ऊन होतं. रिक्षा जात होत्या, स्कूटरवरून तोंडाला रुमाल बांधलेल्या मुली जात होत्या, समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. दोन बायका पिशव्या घेऊन अगदी जवळून गेल्या. त्यांनी उषाकडे पाहिलं आणि त्या पुढे गेल्या, आपलं बोलणं न तोडता. पुन्हा वळून पाहिलं नाही. पाहून न पाहिल्यासारखंही केलं नाही. एकवीस वर्षांत अशी नजर तिच्या वाट्याला आली नव्हती. दिपमाला मान तिरपी करून तिच्या गालाकडे बघत होती. गळ्याशी किंचित गडद पडतंय, असं म्हणून तिनं तिथला रंग बोटानं पसरवला, तिथेच, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. मग आत येऊन तिनं सगळं एका कागदावर लिहून दिलं, आधी काय, मग काय, काढताना खोबरेल तेल, चोळायचं नाही. मोठी बाटली घेऊ नका म्हणाली, ऋतू बदलला की अंगाचा रंग बदलतो, लहानच घ्या. निघताना उषाला तिला काहीतरी द्यावंसं वाटत होतं. पिशवीत केळी होती, यावलहून भावानं पाठवलेली. तिनं त्यातली चार काढून काउंटरवर ठेवली. दिपमालानं तिच्यासमोरच एक सोलून खाल्लं. गोड आहे, म्हणाली. उषा ते बघत उभी राहिली.

घरी दार गिरधरनं उघडलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर परक्या बाईसाठी असतं तसं अदबीचं हसू आलं, आणि मग ते मावळून तिथे दुसरंच काही आलं. अगं, एवढंच तो म्हणाला. मेघा आतून धावत आली, तोंडावर हात ठेवून उभी राहिली, मग आईभोवती गोल फिरून तिनं चारी बाजूंनी पाहिलं. त्या संध्याकाळी गिरधरनं वर्तमानपत्र उघडलं नाही. तो स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसला आणि कारखान्यातल्या गोष्टी सांगू लागला, कोणा झुलालनं मशीनमध्ये कसा घोळ केला, मालक काय म्हणाले. बोलताना तो तिच्या तोंडाकडे बघत होता. मध्येच हसला. भाकरी करता करता उषा 'हं, हं' म्हणत होती, आणि तिला आत कुठेतरी कळत होतं की हा माणूस आपल्याशी बोलत नाहीये. एकवीस वर्षांपूर्वी जिच्याशी बोलणं अर्धवट राहिलं होतं तिच्याशी तो बोलतोय. तो कपटी नव्हता. त्याला बिचाऱ्याला ती खरंच आवडत होती. जेवणं झाल्यावर उषानं मोरीत जाऊन खोबरेल तेलानं चेहरा पुसला, चोळला नाही, आणि बाहेर आली. गिरधर काहीतरी सांगायला वळला होता. त्यानं पाहिलं. दिवसभर फार दगदग झाली असेल, पड आता, तो म्हणाला, अगदी प्रेमानं, आणि चष्मा शोधू लागला.

रविवारी भाड्याच्या गाडीतून सगळे धुळ्याला निघाले. उषानं पहाटे उठून कागदातलं वाचत वाचत स्वतःच सगळं केलं होतं. एरंडोलला चहाला थांबले तेव्हा घामाची धास्ती वाटली, पण गाडीच्या आरशात ती सावळी बाई जशीच्या तशी होती. धुळ्यात देवपूरच्या हॉलमध्ये होणाऱ्या जावयाच्या, स्वप्नीलच्या, आईनं तिला हाताला धरून आत नेलं. मुलगा चांगला होता, वाकून पाया पडला. सगळ्यात पुढे खुर्चीवर त्याची आजी बसली होती, भागाबाई. तिला नीट दिसत नव्हतं. तिनं उषाला जवळ बोलावलं, खाली वाकायला लावलं आणि दोन्ही खरखरीत तळहात तिच्या गालांवरून फिरवले. मेघा मंचावरून बघत होती, गिरधर बघत होता. म्हातारीनं हात आपल्या कानशिलांशी नेऊन बोटं कडाकडा मोडली.

"माय सावळी शे, पन कितली गोड शे," ती अहिराणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पोर बापवर गयी वाटस."

सगळे हसले. उषाही हसली. म्हातारीच्या बोटांना काही लागलं नव्हतं. त्या माऊलीनं तिला जवळ घेतलं होतं, खऱ्या मायेनं, आणि उषाला वाटत होतं की इथेच तिच्या मांडीवर डोकं ठेवून सांगावं, अक्का, ही मी नाही. पण मंचावर मेघा शेवाळी रंगाच्या शालूत बसली होती आणि तिच्या खांद्यांवरचा ताण त्या हसण्याबरोबर उतरताना उषाला इतक्या लांबूनही दिसला. वीस-एकवीस वर्षांत ते खांदे असे सैल झालेले तिनं पाहिले नव्हते. अंगठी घातली गेली, ओटी भरली गेली. उषानं विहिणीच्या हातचं घेतलं, विहिणीनं उषाच्या हातचा पेढा खाल्ला, पूर्ण खाल्ला, बोटं चाटली.

जेवणाच्या आधी मेघानं तिला कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. ती काही वेळ आईच्या पदराची निरी नीट करत राहिली, जी बिघडलेली नव्हती. किती छान झालं ना सगळं, म्हणाली. स्वप्नीलच्या आईला तू फार आवडलीस. उषा हो म्हणाली. मेघानं अंगठीचं बोट दुसऱ्या हातात धरलं आणि अंगठी फिरवत राहिली. लग्न होऊन जाऊ दे, मग मी त्याला हळूहळू सांगेन, असं ती म्हणाली. मग म्हणाली की सांगेन, पण लगेच नाही जमलं तर… उषा थांबली. दुसऱ्याला वेळ द्यायचा तिला आता सराव होता.

"आई, लग्नानंतर आम्ही दोघं जळगावला येऊ ना, तेव्हा मी आधी फोन करत जाईन. एकदम नाही येणार कधी."

हे बोलून तिनं मान खाली घातली. भांगाची सरळ रेघ, मागे केसांत सकाळी उषानंच खोवलेला मोगरा. एकदम नाही येणार कधी. म्हणजे दुपारी भांडी घासताना दारात येऊन उभी राहणार नाही. उशिरा बस मिळाली म्हणून अवचित उतरणार नाही. रुसून, पिशवी घेऊन, न सांगता माहेरी येणार नाही. उषाच्या डोळ्यांपुढून ती सगळी दारं एकेक करून लोटली गेली, आणि तरी त्या खाली घातलेल्या मानेवर तिला रागवता येईना. तिनं मुलीचा मोगरा उगीचच सारखा केला.

"कर," ती म्हणाली. "वाटेत पारोळ्याला पोचलीस की कर. तेवढ्या वेळात होतं माझं."

मेघानं तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बाहेरून फोटोवाला मुलीच्या आईला बोलवा म्हणून हाका मारत होता. उषानं दार उघडलं आणि ती उजेडात गेली.